बादली नंबर एक

शुक्रवार, २० मार्च २०२६. बॉबलिंगेन, जर्मनी.

दुरुस्ती. १५ ते २२ फेब्रुवारी या आठ दिवसांच्या नोंदींत मी रोज लिहिलं आहे, ‘टाकीत नेहमीप्रमाणे पाणी घातलं.’ यातला ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द खोटा आहे. पाणी मी घातलं, पण नेहमीच्या बादलीतून नाही. शोभनाआत्यांच्या तांब्याच्या घागरीतून घातलं.

बाबांनी मला चौथीपर्यंत घरीच शिकवलं. त्यांच्या शाळेत खोडरबर नव्हता. चुकलं तर चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. मग शेजारी बरोबर ते लिहून तारीख घालायची. म्हणून ती पानं फाडली नाहीत. आठ रेघा मारल्या. आता काय झालं ते लिहिते.

फाशिंगच्या, म्हणजे इथल्या कार्निव्हलच्या, सुट्टीत भास्करदादा, स्नेहलतावहिनी आणि त्यांची मुलगी ईप्सिता ऑस्ट्रियाला स्कीईंगला गेले होते. घरी मी आणि आत्या. आत्या म्हणजे दादाची आई, बाबांची मामेबहीण. डिसेंबरात पुण्याहून आल्या. येताना सामानातून घागर आणली, कारण त्या तांब्याच्या भांड्यातलंच पाणी पितात. मी या घरात खालच्या खोलीत दीड वर्ष राहते आहे, प्रबंध लिहिते आहे, आणि दादा नसला की टाकीकडे बघते.

टाकी म्हणजे नऊशे लिटर खारं पाणी आणि त्यात जिवंत प्रवाळ. रोज त्यातलं आठ-नऊ लिटर पाणी उडून जातं. मीठ उडत नाही, म्हणून तेवढंच गोडं, अगदी शुद्ध पाणी परत घालावं लागतं. ते तळघरातल्या फिल्टरमधून थेंब थेंब पडतं आणि एक छोटा पंप आपोआप वर चढवतो; तो बिघडला की ठरलेल्या बादलीने घालायचं. १५ तारखेला सकाळी तो पंप बंद पडलेला दिसला. तळघरात पाणी साचलं होतं. मी हाताला आली ती बादली घेतली, फिनेलसारखं काहीतरी घातलं आणि फरशी पुसून काढली. पुसून झाल्यावर बादलीवरचं दादाचं अक्षर दिसलं : ‘बादली नंबर एक. फक्त टाकी.’

सात वेळा धुतली. तरी लिंबाचा वास येत होता. त्या बादलीतलं पाणी टाकीत घालायची माझी हिंमत झाली नाही. मग घरातलं सगळ्यात स्वच्छ भांडं कुठलं, याचा विचार केला. तिसरीत बाबांनी घातलेलं शुद्धलेखन अजून पाठ आहे. ‘तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेले पाणी शुद्ध होते.’ शेजारी मी घागरीचं चित्र काढलं होतं.

“आत्या, घागर देता का? टाकीच्या पाण्याला हवी आहे.”

“ने की. मला तांब्या पुरे.”

रोज संध्याकाळी लिंबू-मीठ लावून घागर लख्ख घासायची, रात्रभर फिल्टरखाली ठेवायची, सकाळी टाकीत रिकामी करायची. दादाच्या लॉगबुकात ‘पाणी कशातून’ असा एक रकाना आहे. त्यात मी रोज ‘बा. १’ लिहिलं. नाहीतर दादाने विचारलं असतं, बादलीला काय झालं?

तांबं प्रवाळाला विष असतं हे मला माहीत नव्हतं.

काल पाडवा होता. जेवताना दादाच्या फोनवर प्रयोगशाळेची मेल आली. सुट्टीहून आल्यावर निम्मे प्रवाळ मिटलेले आणि सगळ्या गोगलगाई मेलेल्या बघून त्याने पाण्याचा नमुना पाठवला होता.

“तांबं?” दादा म्हणाला. “माझ्या टाकीत तांबं कुठून येईल? सगळं प्लॅस्टिक आहे. स्क्रूसुद्धा.”

तो उठून खिडकीशी गेला. बाहेर बाल्कनीत गुढीवरचा तांब्या उन्हात चमकत होता. दादा त्याच्याकडे बघत राहिला. मग वळून ओट्यावरच्या घागरीकडे बघितलं.

“आई, आम्ही नव्हतो तेव्हा तू टाकीत पाणी घातलंस का?”

आत्यांच्या हातात श्रीखंडात बुडवलेला पुरीचा तुकडा होता. तो तसाच धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं तोंड उघडलेलं होतं, हे मला नक्की आठवतं. मी त्यात पुरीचा घास घातला.

“घातलं असेल, बाबा,” आत्या म्हणाल्या. “आठवत नाही.”

त्यांनी मला घागर दिली होती, हे त्या विसरल्या. आणि मला सगळ्यात आधी काय वाटलं, तेही लिहायलाच हवं. मला बरं वाटलं.


रविवार, २२ मार्च

रविवारी सकाळी नऊला टाकीचं शंभर लिटर पाणी बदलतात. दादा नळी आत धरतो, ईप्सिता दुसरं टोक ड्रममध्ये धरते, मी लॉगबुक लिहिते. ईप्सिता चौदा वर्षांची आहे. आठवडाभर ती बापाशी जर्मनमधलं ‘या’ आणि ‘ने’, म्हणजे हो आणि नाही, एवढंच बोलते. रविवारी नळी हातात असली की शाळेतलं सगळं सांगते. ती जर्मनमध्ये, तो मराठीत. आज ती नळी सोडून वर निघून गेली. “बघवत नाही,” म्हणाली.

गेल्या वर्षी जानेवारीत टाकी आली तेव्हाचं आठवलं. काच धरायला सहा माणसं लागली. दगड मी आणि ईप्सिताने रचले, तीनदा पाडून. मग दीड महिना टाकीत नुसते दगड आणि पाणी. एकही जीव नाही. रोज पाणी तपासायचं, लिहायचं, हात लावायचा नाही. मी दादाला विचारलं होतं, आता काय करायचं? तो म्हणाला, “काहीही करायचं नाही. गेनाऊ, अगदी हेच अवघड काम आहे.” पहिली गोगलगाय मार्चमध्ये सोडली. वहिनींनी त्या दिवशी शिरा केला.

आता मधल्या दगडावरचे प्रवाळ पांढरे झाले आहेत. मेले की रंग जातो आणि आतला सांगाडा दिसतो. मासे मजेत आहेत. माशांना एवढ्या तांब्याने काही होत नाही.

मला वाटलं होतं, दादा चिडेल. तो चिडला नाही. तांबं शोषून घेणारी पावडर आणली, पिशवीत भरून पाण्यात सोडली आणि म्हणाला, “आईवर काय चिडायचं. तिला कळलंच नाही बिचारीला.”

आत्या मागे सोफ्यावर होत्या. ‘बिचारी’ हा शब्द त्यांना ऐकू गेला असणार. त्या चाळीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होत्या.

वहिनींनी स्वयंपाकघरातल्या शेगडीला लॉक लावलं आहे. बटण तीन सेकंद दाबून धरायचं, मगच पेटते. लहान मुलांसाठीची सोय आहे ती. आत्या पहाटे पाचला स्वतःचा चहा करून घेतात. आज सातपर्यंत चहाविना बसून होत्या.

“अहो आई, मला उठवायचं ना,” वहिनी म्हणाल्या.

“तुझी झोप कशाला मोडू?” आत्या म्हणाल्या. “चहा काही पळून जात नाही.”


मंगळवार, २४ मार्च

आज सांगणार होते. दादाला यायला उशीर झाला, म्हणून सांगितलं नाही.

दुरुस्ती. दादा साडेआठला आला. मी नऊला झोपायला गेले. मी साडेदहापर्यंत जागी होते.


शुक्रवार, २७ मार्च

भांडी लावताना दादा आणि वहिनींचं बोलणं ऐकलं. मी तिथेच होते, चोरून ऐकलं नाही.

“तीस तारखेचं तिकीट रद्द करावं लागेल,” दादा म्हणाला. एप्रिलच्या तीस तारखेला आत्यांची पुण्याची फ्लाईट आहे.

“आधी डॉक्टर काय म्हणतात ते बघू या. टेर्मिन मिळाली का? कधीची वेळ दिली?”

“चौदाला. मंगळवार, नऊ चाळीस. मेमरी क्लिनिक. मी हृषिकेशशी पण बोललो.” हृषिकेश म्हणजे दादाचा धाकटा भाऊ, सिंगापूरला असतो. “तो म्हणतो, कोथरूडचा फ्लॅट आता बंदच करू या. ती तिथे एकटी. आज टाकीत पाणी घातलं, उद्या गॅस चालू ठेवून बाहेर जाईल.”

“त्यांची मुलं?”

‘मुलं’ म्हणजे सोसायटीतली. आत्या रोज संध्याकाळी त्यांना जमवून वाचायला शिकवतात. फी काही नाही, फक्त चपला ओळीत काढून ठेवायच्या. डिसेंबरात निघताना त्यांनी एका गोष्टीचं अर्धं पुस्तक वाचून दाखवलं आणि उरलेलं आल्यावर, असं सांगितलं. ही गोष्ट मला त्यांनीच तीनदा सांगितली आहे. तीनदा सांगितली, हे लक्षण असेल का? पण मीच तीनदा विचारलं होतं.

आता हे फक्त प्रवाळाचं उरलेलं नाही. मी बोलले नाही तर एका बाईचं घर बंद होईल. हे वाक्य मी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय आता नाही.


रविवार, २९ मार्च

२० मार्चच्या दुरुस्तीची दुरुस्ती.

मी लिहिलं की आठही दिवस घागर वापरली आणि तांबं विष असतं हे मला माहीत नव्हतं. दोन्ही चूक आहे. घागर सहा दिवस वापरली. २० फेब्रुवारीला दुपारी मला कळलं होतं.

टाकीत एक लाल-पांढरा झिंगा होता. ईप्सिताने त्याचं नाव हेर क्राउझं ठेवलं होतं, शाळेतल्या एका मास्तरांवरून, कारण दोघांच्या मिशा सारख्या. पाण्यात हात घातला की तो येऊन नखं साफ करायचा. १९ तारखेला त्याचं नुसतं कवच तळाशी पडलेलं दिसलं. झिंगे कात टाकतात, म्हणून मी डायरीत ‘हेर क्राउझंने कात टाकली’ असं लिहिलं. २० तारखेला गोगलगाई उलट्या पडल्या. मग मी शोधलं आणि पाच मिनिटांत सापडलं. पहिल्याच ओळीत तांब्याचं नाव होतं.

त्याच पानावर उपायही होता. तांबं शोषून घेणारी पावडर, दादाने गेल्या आठवड्यात आणली तीच. २१ तारखेला मी बसने दुकानात गेले. पाकीट हातात घेतलं. वाटलं, हे टाकीत घातलं तर दादा विचारेल, हे कशाला लागलं? पाकीट परत ठेवलं आणि एक पांढरी बादली विकत घेतली. घरी येऊन काळ्या मार्करने तिच्यावर लिहिलं : ‘बादली नंबर एक. फक्त टाकी.’ दादाच्या अक्षरात. आधी वहीत चार वेळा सराव केला.

पावडर तेव्हाच घातली असती तर मधला दगड वाचला असता. दादा स्वतःच म्हणाला, “महिनाभर आधी कळलं असतं तर.”

म्हणजे बादली चुकून मळली, घागर अज्ञानाने वापरली, पण पावडर मी पूर्ण शुद्धीवर असताना परत ठेवली.

जुनी बादली माझ्या पलंगाखाली आहे. टाकून द्यायची तर कचरा वेगळा करावा लागतो, आणि वहिनी प्लॅस्टिकच्या कचऱ्याची पिवळी पिशवी बाहेर ठेवण्याआधी बघतात.

घागर मी २० तारखेलाच घासून ओट्यावर परत ठेवली होती. आत्यांनी विचारलं होतं, “झालं तुझं टाकीचं काम?” मी ‘हो’ म्हटलं होतं. इतकं स्पष्ट बोलणं महिन्याभरात त्यांच्या डोक्यातून साफ गेलं. म्हणजे दादाला वाटतं ते अगदीच खोटं नसेलही. असं मनात आलं की मला थोडं हलकं वाटतं, आणि मग हलकं वाटल्याची लाज वाटते.


गुरुवार, २ एप्रिल

आत्या तळघरात गेल्या होत्या, लोणच्याची बरणी आणायला. बराच वेळ वर आल्या नाहीत म्हणून वहिनींनी मला पाठवलं. त्या नवी बादली हातात धरून दिव्याखाली उभ्या होत्या.

“अक्षर छान आहे,” म्हणाल्या. “कुणाचं?”

“दादाचं.”

“हो का.”

बादली खाली ठेवली आणि वर आल्या. बरणी विसरल्या.

स्वतःच्या मुलाचं अक्षर त्यांना ओळखू आलं नाही.


शुक्रवार, ३ एप्रिल. कारफ्रायटाग, म्हणजे गुड फ्रायडे

सगळं बंद. दादा, वहिनी आणि ईप्सिता तळ्याकाठी फिरायला गेले. आत्यांचे पाय दुखत होते.

“शमिका, जरा गरम पाणी कर. पाय शेकते. तुझ्या पलंगाखाली एक बादली आहे बघ, ती चालेल.”

आत्या माझी खोली झाडतात, मी नको म्हटलं तरी. त्यांनी बादली बघितली आहे. पण तिच्यावरचं बहुतेक वाचलं नसावं, कारण बादली आणली तरी त्या काही बोलल्या नाहीत. अक्षरं माझ्या बाजूला येतील अशी त्यांनी ती फिरवून घेतली आणि पाय आत सोडले. मी अर्धा तास ‘फक्त टाकी’ वाचत बसले.

त्या बाबांबद्दल बोलत होत्या.

“वासूला पाढे मी शिकवले, माहितीये? सात वर्षांचा होता. मे महिन्यात आमच्याकडे यायचा.”

“बाबा सांगतात. खोडरबर नाही, एकच रेघ.”

“ते माझंच. त्याने तुला शिकवलं वाटतं.” त्या हसल्या. “माझ्या वर्गात खोडरबर नव्हताच. पण रेघ मी कधी मारली नाही हो कुणाच्या वहीत. मुलाला चूक दिसलेली असते. त्याच्या मानेवरूनच कळतं. मग आपण खिडकीतून बाहेर बघत बसायचं.”

“आणि त्याने मारलीच नाही तर?”

“वासू एकदा दोन दिवस जेवला नाही.”

“मग?”

“मग तिसऱ्या दिवशी जेवला,” आत्या म्हणाल्या. “पाणी गार झालं, गं. थोडं कढत घाल.”

पन्नास वर्षांपूर्वीचं इतकं स्वच्छ आठवतं त्यांना. मी वाचलं आहे की असंच होतं. आधी नवीन जातं, जुनं शेवटपर्यंत राहतं.


सोमवार, ६ एप्रिल. ईस्टर

दुपारभर ईप्सिता आणि आत्या जोड्या लावायचा पत्त्यांचा खेळ खेळत होत्या. पत्ते पालथे, दोन-दोन उघडायचे, सारखं चित्र निघालं की जोडी आपली. आत्यांनी तीन डाव जिंकले. चौथ्या डावात दादा खोलीत आला तेव्हा त्यांनी सरळ दोन चुकीचे पत्ते उचलले.

“श्टिम्ट निश्त!” खोटं आहे, असं ईप्सिता ओरडली. मग जर्मनमध्ये बापाला म्हणाली, “आजीला माहीत होतं बदक कुठे आहे ते. ती मुद्दाम करतेय. ती काहीच विसरत नाही, तिला माझ्या वर्गातल्या सगळ्यांची नावं पाठ आहेत.”

“ईप्सू, पुरे,” दादा म्हणाला.

आत्यांना जर्मन येत नाही. त्यांनी पत्ते गोळा केले आणि म्हणाल्या, “रागावू नकोस रे तिच्यावर. मला थकवा आला.”

मुलांना हे समजणं कठीण आहे. चांगले क्षण असतात, वाईट क्षण असतात. दादा आला की त्या बावरतात, हे माझ्याही लक्षात आलं आहे.

मी आजच्या दिवसासाठी ठरवलं होतं, ईस्टरची सुट्टी संपायच्या आत सांगायचं. सुट्टी साडेचार तासांनी संपेल. दादा उद्या पहाटे कंपनीच्या हंगेरीतल्या प्लांटला जाणार, बॅग भरतो आहे. जाताना त्याच्या डोक्यात हे कशाला?

हे वाक्य ठेवते. रेघ मारत नाही. मी कसा विचार करते ते पुढे कधी वाचायला असू दे.


बुधवार, ८ एप्रिल

क्लिनिककडून प्रश्नावली आली आहे. सहा पानं, घरच्या माणसाने भरून मंगळवारी आणायची. दादाने हंगेरीहून फोन केला.

“आल्झो, तर मग, तू भर. तुझ्या वहिनीपेक्षा तुझं जर्मन चांगलं आहे. आणि तू काटेकोर आहेस, मला भरवसा आहे. प्रश्न सात बघितलास?”

प्रश्न सात असा आहे : अलीकडे घडलेला विस्मरणाचा एखादा ठळक प्रसंग शक्य तितक्या नेमकेपणाने लिहा.

“तिथे टाकीचं लिही,” दादा म्हणाला. “तारखेसकट. तू घरी होतीस ना.”

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले. समोर आत्या मेथी निवडत होत्या. पहिले सहा प्रश्न त्यांना विचारून भरले. जन्मतारीख, शिक्षण, औषधं. औषधांची नावं त्यांनी मिलिग्रॅमसकट सांगितली. मग मी थांबले.

“पुढचा काय आहे?” आत्यांनी विचारलं.

मी मराठीत वाचून दाखवला.

“लिही की मग.”

“काय लिहू?”

“काय झालं ते लिही.”

मी पेन टेकवलं. जर्मनमधलं पहिलं वाक्य मनात तयारही होतं. ‘माझ्या आत्याने तांब्याच्या भांड्यातून...’ व्याकरणात चूक नव्हती. ‘माझ्या’पर्यंत लिहिलं आणि पुढे हात चालेना. हात खरंच दुखत होता, हे मी कारण म्हणून लिहीत नाही.

आत्या मेथीची जुडी बाजूला सारून म्हणाल्या, “मंगळवारी तू येशील ना बरोबर? त्यांचं मला सांगायला आणि माझं त्यांना. भास्करच्या तोंडून नको. तो मधेच माझ्या वतीने उत्तरं देतो.”

“येईन.”

“आणि तिथे विचारतील, टाकीत पाणी कुणी घातलं. मी काय सांगू?”

त्यांचे डोळे मेथीवर नव्हते. माझ्यावर होते. पाडव्याला होते तसे.

“तुम्हाला आठवतं ते सांगा,” मी म्हटलं.

आत्या खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. बाहेर काही नव्हतं. शेजाऱ्यांची हिरवी कचरापेटी.

“बरं,” म्हणाल्या.


गुरुवार, ९ एप्रिल

सकाळी टाकीजवळ गेले. मधला दगड पांढराच आहे. त्याच्या खाली, सावलीच्या बाजूला, नखाएवढा एक हिरवा प्रवाळ अर्धा उघडला होता. दोन दिवसांपूर्वी तो नव्हता, किंवा मी बघितला नव्हता. लॉगबुकात लिहिलं. तिथे मी खरं लिहिलेली ती बऱ्याच दिवसांतली पहिली गोष्ट आहे, म्हणून दोनदा वाचली.

खोलीत परत आले तर टेबलावर, प्रश्नावलीवर, एक लाकडी पट्टी ठेवलेली होती. आत्यांची. शिवणाच्या डब्यात असते. इथे कशी आली कळेना. झाडताना हातात असेल, विसरल्या असतील, असं वाटलं आणि ती परत द्यायला उचलली.

मग मी तशीच पलंगावर बसले.

पट्टी घेऊन कुणी झाडत नाही.

बसल्या बसल्या एकेक आठवत गेलं. बादली मुद्दाम फिरवून घेतलेली. ‘अक्षर छान आहे, कुणाचं?’ खिडकी. पाडव्याला, पुरीचा तुकडा हातात. ‘आठवत नाही’ हे शब्द. मला काय दिसतं आहे, ते पूर्ण लिहायची अजून ताकद नाही. एवढंच लिहिते. या वहीत जिथे जिथे ‘आत्या विसरल्या’ असं मी लिहिलं किंवा सुचवलं आहे, तिथे रेघ मारली. पाच रेघा आल्या. त्यांनी दिलेल्या पट्टीने मारल्या.

जेवणानंतर मी त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, “आत्या, मी...” आणि रडू आलं. त्यांनी मला जवळ घेतलं नाही. घेतलं असतं तर तिथेच संपलं असतं सगळं, आणि दादाला कधीच कळलं नसतं.

“माझ्याकडे कशाला?” त्या हळूच म्हणाल्या. “माझी वही आहे का ती?”

“तुम्ही का नाही सांगितलं? तिकीट रद्द करतील. फ्लॅट बंद करतील.”

“मला वाटलं, दोन दिवसांत होईल. मला काय माहीत हे लोक मला डॉक्टरकडे नेतील.” मग म्हणाल्या, “मलाही भीती वाटते, गं. खोटं खोटं विसरायचं, तर आता खरंच एखादी गोष्ट सापडेनाशी झाली की मी सारखी स्वतःलाच तपासत बसते. त्या दिवशी ती बरणी. ती मी खरंच विसरले.”

हे ऐकून मला जी लाज वाटली, तशी या वहीत आधी कुठेच लिहिलेली नाही. आजवर मी चुकीची लाज लिहीत होते. ही त्यांनी भोगलेल्या दिवसांची आहे. शेगडीचं लॉक. पहाटेचा चहा. ‘बिचारी’.

दादाला आत्ता फोन करता येईल. वहिनींना आज रात्री सांगता येईल, म्हणजे त्या दादाला सांगतील आणि मला त्याच्यासमोर उभं राहावं लागणार नाही. म्हणूनच वहिनींना आधी सांगायचं नाही. फोनही नाही, कारण फोनवर माझा चेहरा त्याला दिसणार नाही. हेही टाळणंच आहे का? असू शकेल. आत्यांना विचारलं, रविवारपर्यंत चालेल का? त्या म्हणाल्या, “तीन दिवस मी खिडकीत बसते. चौथा नाही.”

दादा शनिवारी रात्री परत येतो. टेर्मिन मंगळवारी आहे. मधे रविवार आहे. सकाळी नऊला तो टाकीशी असेल, ईप्सिता नळी धरायला आली तर तीही, वहिनी चहा घेऊन, आत्या सोफ्यावर. मी जुनी बादली पलंगाखालून काढून मधोमध ठेवीन, नवी तिच्या शेजारी. आधी तोंडाने सांगीन. मग लॉगबुक उघडून १५ ते २० फेब्रुवारीच्या सहा ‘बा. १’वर रेघ मारीन आणि शेजारी ‘घागर. शमिका.’ असं लिहीन. २१ आणि २२च्या दोनवर रेघ मारून ‘नवी बादली, खोटं अक्षर. शमिका.’ असं लिहीन. २१ तारखेच्या पुढे पावडरचं पाकीट परत ठेवलं तेही लिहीन, तो रकाना नसला तरी. त्यानंतर दादा मला इथे ठेवेल की नाही, ते त्याने ठरवायचं. प्रश्न सात कोरा ठेवला आहे. ‘माझ्या’ एवढाच एक शब्द तिथे आहे.

आत्ता टाकीजवळ जाऊन लॉगबुकातलं पुढच्या पाणीबदलाचं पान काढलं आणि वर तारीख घालून आले. दादा पेन्सिलने घालतो. मी पेनने घातली.

रविवार, १२ एप्रिल २०२६. सकाळी नऊ.